पंपाची पाटी आणि टाकीतील तेल

२०२५ च्या खरिपात रोवणी अर्धीअधिक आटोपली असता आमच्या सोसायटीच्या गोदामाच्या पडवीत एक वाद उत्पन्न झाला. निमित्त लहानसे होते. गावातील एका ट्रॅक्टरधारक बंधूंनी चिखलणीचा तासाचा दर वाढविला आणि त्याचे कारण असे सांगितले की, जवळच्या पंपाचे डिझेल हलके निघू लागल्यामुळे यंत्र तेल अधिक पिते; सबब त्यांस दूरच्या दुसऱ्या कंपनीच्या पंपावरून तेल आणावे लागते, व त्या येरझाऱ्यांचा खर्च दरात धरणे भाग आहे. ज्यांच्या बांध्यांत चिखलणी व्हावयाची होती त्यांस हे कारण मान्य झाले नाही. इतक्यात मोटारसायकलवाले दोन-तीन तरुण पुढे झाले. "बाबूजी, खरी गोष्ट आहे जी. त्या पंपाचं पेट्रोल टाकलं का गाडी लिटरमागं पाच किलोमीटर जास्त चालते," असे त्यांतील एक म्हणाला. दुसऱ्याचा अनुभव नेमका उलट होता. पहिल्याने ज्या पंपास नावे ठेविली त्याचीच दुसऱ्याने वाखाणणी केली. आमचा जन्म तहसील कचेरीत आकडेमोड करण्यात गेलेला असल्यामुळे निवाडा आमच्यावर सोपविण्यात आला.

आम्ही त्या दिवशी निवाडा दिला नाही. वही पाहून सांगू, एवढेच म्हटले. तो निवाडा आता या मासिकाच्या द्वारे देत आहोत, कारण हा वाद केवळ आमच्या गावचा नाही. तुमसरपासून लाखांदुरापर्यंत जेथे जेथे आम्ही बसलो तेथे तेथे हीच चर्चा ऐकली आहे, आणि तिच्यापायी शेतकऱ्याचा पैसा खर्च होत आहे. चांगल्या म्हणविल्या जाणाऱ्या पंपाकरिता वीस किलोमीटर जाणारा व वीस किलोमीटर परत येणारा गृहस्थ, लिटरास पन्नास किलोमीटर चालणारी गाडी असेल तर, जाण्यायेण्यातच पाऊण लिटराहून अधिक पेट्रोल जाळतो. पेट्रोलचा भाव लिटरास शंभर रुपयांच्या वर असताना हा ऐंशी रुपयांचा चुराडा झाला. चार लिटर तेल भरून हे ऐंशी रुपये परत मिळवावयाचे तर त्या पंपाच्या तेलाने शेकडा वीस अधिक अंतर काटले पाहिजे. तसे कोणतेही तेल या देशात विकले जात नाही.

आमचे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. पंपावर कोणत्या कंपनीची पाटी आहे यावर गाडीचे ॲव्हरेज अवलंबून नाही. लिटरात काय भरले आहे यावर ते निश्चित अवलंबून आहे. परंतु लिटरात जो पालट झाला आहे तो सर्व पाट्यांखाली सारखाच झाला आहे. पाटीवरून भांडत बसल्यामुळे तो पालट आमच्या नजरेतून सुटला, हे आमचे खरे दुःख आहे.

पाटीचा विचार आधी करू. आपल्या जिल्ह्यात बहुतेक पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांचे आहेत. तिघींचे पेट्रोल भारतीय मानक ब्युरोच्या एकाच मानकाप्रमाणे असावे लागते, डिझेलचेही तसेच. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे प्रमाण लागू झाले व गंधकाचे प्रमाण दहा लक्ष भागांत दहा भागांवर आले. तेही सर्वांस सारखेच. शिवाय प्रत्येक कंपनीची रिफायनरी प्रत्येक प्रांतात नाही. यास्तव या कंपन्या एकमेकींचा माल उचलतात व देतात. एका पाटीखाली विकले जाणारे तेल दुसऱ्या पाटीवाल्या कंपनीच्या रिफायनरीतून निघालेले असणे ही नित्याची गोष्ट आहे. जुन्या माणसांस आठवत असेल की, पूर्वी पंपांवर एस्सो व बर्मा-शेल यांच्या पाट्या असत. १९७४ मध्ये एस्सोचा कारभार सरकारकडे आला व हिंदुस्तान पेट्रोलियम ही कंपनी झाली. १९७६ मध्ये बर्मा-शेलचा आला व पुढे भारत पेट्रोलियम हे नाव पडले. रंगारी आला, पाटी पुसली, नवी लिहिली. जमिनीखालची टाकी तीच राहिली, आणि तीत ओतले जाणारे तेलही तेच राहिले.

महाग पेट्रोलाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या गावातील तरुण मंडळी सणावाराला गाडीस ते पाजतात. ऑक्टेनचा आकडा मोठा असला म्हणजे तेलात शक्ती अधिक, अशी समजूत पसरलेली आहे. ती चुकीची आहे. इंजिनात तेल व हवा यांचे मिश्रण दाबले जात असता ठिणगी पडण्यापूर्वीच ते अवेळी पेटू नये, याची जी सहनशक्ती तिचे माप म्हणजे ऑक्टेन होय. लिटरात उष्णता किती आहे याचे ते माप नव्हे. ज्या यंत्रात मिश्रण फार दाबले जाते त्यास अधिक ऑक्टेनचे तेल लागते व त्यात त्याचा उपयोगही होतो. शेतकऱ्याच्या साध्या शंभर सीसीच्या गाडीत तो दाबच नाही, तेव्हा तेथे त्या गुणाचा उपयोग होत नाही. महाग तेलात नळी व झडपा स्वच्छ ठेवणारी काही द्रव्ये घातलेली असतात, हे खरे. त्यांचा फायदा दीर्घकाळाने होत असेल. एका टाकीत पाच किलोमीटर वाढल्याचे जे सांगतात ते मात्र, आमच्या मते, जास्त पैसे मोजल्याचे समाधान होय.

आता लिटरात काय पालटले ते पाहू. पेट्रोलमध्ये एथेनॉल, म्हणजे मळी, उसाचा रस, मका व तांदूळ यांपासून केलेला मद्यार्क, मिसळण्यात येतो. ही कल्पना नवी नाही. १९४८ सालीच या देशात पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. परंतु प्रत्यक्ष वेग आला तो अलीकडे. जून २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण शेकडा १० झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेकडा २० मिश्रणाचे पेट्रोल निवडक पंपांवर आले, आणि जे प्रमाण मूळ धोरणात २०३० साली गाठावयाचे होते ते २०२५ मध्येच गाठले गेले. आज तुम्ही कोणत्याही पाटीखाली उभे राहून साधे पेट्रोल भरा. पाच लिटरांत सुमारे एक लिटर एथेनॉल असते.

लिटरभर पेट्रोलात जेवढी उष्णता असते तिच्या सुमारे दोन तृतीयांश लिटरभर एथेनॉलात असते. येथे मराठी शाळेतील त्रैराशिक पुरे आहे. शंभर भागांपैकी ऐंशी भाग पेट्रोल, त्याचे ऐंशी, वीस भाग एथेनॉल, त्याचे सव्वातेरा, एकूण सव्वात्र्याण्णव. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत शेकडा साडेसहा ते सात उष्णता कमी, व शेकडा १० मिश्रणाच्या तुलनेत शेकडा साडेतीनच्या आसपास कमी. ज्या गाडीचे ॲव्हरेज पन्नास होते तिचे सव्वाअठ्ठेचाळीस झाले, तर त्यात पंपवाल्याची लबाडी नाही व गाडीचाही दोष नाही. नवीन यंत्रे या मिश्रणाकरिताच जुळविलेली असली म्हणजे एथेनॉलच्या अधिक ऑक्टेनचा लाभ घेऊन काही तूट भरून काढतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात हाच हिशेब आहे: जी चारचाकी शेकडा १० मिश्रणाकरिता बांधून २० करिता जुळविली तिची तूट शेकडा १ ते २, जी मुळात शुद्ध पेट्रोलकरिता बांधून १० करिता जुळविली तिची ६ ते ७, तशाच दुचाकीची ३ ते ४. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही जुळविलेल्या चारचाकी गाड्यांत १ ते २ व इतरांत ३ ते ६ अशी तूट सांगितली, आणि ती किरकोळ असल्याचे म्हटले.

किरकोळ हा शब्द आम्हांस खटकला. कचेरीत आम्ही शेतसाऱ्याच्या आठ आण्यांची बाकी वर्षानुवर्षे पुढे ओढलेली पाहिली आहे व स्वतः ओढलीही आहे. तेव्हा ती किरकोळ नव्हती. शंभर रुपयांच्या लिटरात शेकडा साडेतीन म्हणजे साडेतीन रुपये. आणि खेड्यात धावणाऱ्या गाड्या बहुतांशी जुन्याच आहेत. मुलीला कॉलेजात सोडणारी, दुधाचे कॅन वाहणारी, धुऱ्याधुऱ्याने बांधीपर्यंत जाणारी गाडी १ एप्रिल २०२३ नंतरची क्वचितच असते.

यावर आमचे एक स्नेही, ज्यांचा ऊस आहे, आम्हांस म्हणाले, "बाबूजी, तुम्ही शेतकऱ्याच्या मासिकात लिहिता आणि शेतकऱ्याच्याच मालाला नावे ठेविता?" प्रश्न योग्य आहे. एथेनॉलमुळे परदेशातून आणावयाच्या तेलाचा खर्च वाचतो, उसाला व मक्याला एक गिऱ्हाईक वाढले, हे आम्ही नाकारीत नाही. आमच्या जिल्ह्याचा तर यात प्रत्यक्ष संबंध आहे, कारण तांदळापासूनही हा मद्यार्क होतो. परंतु धानवाल्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. २०२४-२५ मध्ये साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलास २३०० रुपये होता. क्विंटलभर धानाची भरडाई केली म्हणजे ६७ किलो तांदूळ, हा सरकारी उतारा. तेव्हा क्विंटलभर तांदळात धानाचीच किंमत ३४०० रुपयांहून अधिक झाली. अन्न महामंडळाने त्याच वर्षी एथेनॉलकरिता तांदूळ दिला तो क्विंटलास २२५० रुपयांनी. ही तफावत सरकारी तिजोरीने सोसली. धान उत्पादकास तिच्यातून आधारभूत भावापलीकडे एक पैसाही मिळाला नाही. इतके करूनही, मंत्रालयाच्याच म्हणण्याप्रमाणे, जुलै २०२५ अखेर एथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक व करासह लिटरास ७१ रुपये ३२ पैसे पडली व ती शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या किमतीहून अधिक होती. म्हणून मिश्रण झाले तरी पेट्रोल स्वस्त करता येत नाही. हे कारण खरे असेल. पण मग ज्या वस्तूत उष्णता कमी आहे ती जुन्याच भावाने घेणाऱ्यास निदान तसे सांगितले तरी पाहिजे. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद व पालाश यांचे आकडे छापणे सक्तीचे आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती लिहावी लागते. पेट्रोलच्या नळीवर मात्र मिश्रणाचा आकडा ठळक देवनागरीत लिहिलेला आम्हांस आमच्या परिसरात आढळला नाही. बिनमिश्रणाचे पेट्रोलही मिळावे व नळीवर प्रमाण लिहावे, अशी मागणी करणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला. न्यायालयाचा निर्णय आम्हांस शिरोधार्य आहे. तथापि न्यायालयाने आज्ञा केली नाही म्हणून कंपन्यांनी आपण होऊन लिहू नये, असे थोडेच आहे?

आता भेसळीविषयी. पाटीचा गुण मिथ्या असला तरी तेलात खोट होऊच शकत नाही असे आम्ही म्हणत नाही; महसुली नोकरीत आयुष्य काढलेला कोणीही तसे म्हणणार नाही. २५ जानेवारी २०११ रोजी नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी टँकरमधून होणारी तेलचोरी पकडली, तेव्हा त्यांस जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर राज्यभर कचेऱ्या बंद राहिल्या. आम्ही तेव्हा पुरवठ्याच्या टेबलावर होतो. त्या दिवशी कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. स्वस्त घासलेट व महाग डिझेल यांच्या भावांतील अंतर हे त्या पापाचे मूळ होते. पुढे घरोघर गॅस आला, शिधापत्रिकेवरील घासलेटाचा कोटा घटत गेला, व भेसळीचा तो सोपा मार्ग पुष्कळसा आटला. मापात खोट करण्याचे प्रकारही झाले आहेत. २०१७ साली ठाणे पोलिसांनी अनेक पंपांच्या यंत्रांत बसविलेल्या चकत्या उघडकीस आणिल्या, ज्यांच्या योगाने काट्यावर लिटर पूर्ण दिसे व टाकीत कमी पडे. अशा पंपाचे गिऱ्हाईक 'ॲव्हरेज पडले' असेच म्हणणार, कारण त्यास दुसरे काही दिसतच नाही.

परंतु हा दोष एकेका पंपाचा असतो, कंपनीचा नसतो, आणि तो पकडण्याचे साधन प्रत्येक पंपावर ठेवलेले असते. वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरांचे माप मागा. पाच लिटरांत २५ मिलिलिटरांपर्यंतची चूक चालते. त्याहून अधिक तूट असेल तर तक्रार करा. पेट्रोलचा थेंब गाळणकागदावर टाका. थोड्या वेळात डाग न राहता उडून गेला पाहिजे. घनतामापक मागण्याचाही तुम्हांस अधिकार आहे. येथे मात्र एक सावधगिरी. फलकावर लिहिलेली घनता १५ अंश तापमानाची असते. आमच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काढलेला आकडा तिच्याहून बराच कमी दिसणार. पंपावरील कोष्टकातून तो १५ अंशांवर आणल्याखेरीज कोणावर आळ घेऊ नये. शिवाय घनता अधिक म्हणजे माल सरस, असेही नाही. एथेनॉल पेट्रोलहून जड आहे. मिश्रण वाढले की घनता वाढते व उष्णता घटते. पहाटे तेल भरले म्हणजे थंड असल्यामुळे अधिक मिळते, ही समजूतही अशीच आहे. टाकी जमिनीखाली असते, तेथे पहाट व दुपार यांत फारसा भेद होत नाही. पहाटे उठण्याचे दुसरे लाभ आहेत, त्यांविषयी आमची तक्रार नाही.

आळ घेण्याविषयी आम्ही अनुभवाने बोलत आहो, आणि तो अनुभव सांगण्यास थोडी लाज वाटते. आमची मोटारसायकल २०१२ सालची. घेतल्या दिवसापासून तिची वही आहे: तारीख, काटा, लिटर, रुपये. २०२१ पर्यंत सरासरी छप्पन्न किलोमीटरांची. एका पावसाळ्यात ती एकाएकी सत्तेचाळीसवर आली. आम्ही मागचापुढचा विचार न करता ज्या पंपावर नेहमी भरीत असू त्याच्याविरुद्ध अर्ज दिला. अर्ज कसा लिहावा हे आम्हांस शिकविण्याची गरज नव्हती, त्यामुळे तो कडक झाला. निरीक्षक आले, पंचनामा झाला, माप बरोबर भरले, घनता बरोबर निघाली, कागदावर डाग राहिला नाही. पंपावरील मुलगा, जो आमच्याच गावचा, दिवसभर मान खाली घालून उभा होता. आठ दिवसांनी मिस्त्रीने गाडी खोलली. मागच्या चाकाचा ब्रेक चिखलाने धरून बसला होता, आणि हवेच्या गाळणीत मळणीच्या वेळचा भुसा दाटला होता. दीडशे रुपयांत काम झाले व ॲव्हरेज पुन्हा चोपन्नावर गेले. त्या मुलास आम्ही पंपावर जाऊन चारचौघांत सांगितले की, चूक आमची होती. तो "राहू द्या जी बाबूजी" म्हणाला. पण त्यानंतर आमच्या टाकीत तेल घालताना तो काट्यावरील शून्य मोठ्याने वाचून दाखवितो, व आम्ही ते ऐकून घेतो.

सन २०२५ मध्ये आमची सरासरी त्रेपन्न आहे. छप्पन्नाचे त्रेपन्न होण्यात एथेनॉलचा भाग किती व गाडीच्या तेरा वर्षांचा किती, हे वेगळे करणे आमच्या वहीस शक्य नाही. मात्र पडवीतील वादानंतर आम्ही चार महिने आळीपाळीने दोन कंपन्यांच्या पंपांवर तेल भरले. दोन्हींच्या सरासरीत अर्ध्या किलोमीटराचाही भेद पडला नाही, आणि एकाच पंपाच्या दोन टाक्यांमध्ये मात्र चार-चार किलोमीटरांचा भेद पडला.

हे शेवटले वाक्य तरुण वाचकांनी पुन्हा वाचावे, कारण 'पाच किलोमीटर जास्त' म्हणणाऱ्यांची चूक त्यातच आहे. एक टाकी भरली, गाडी बाजारात गेली, उलटा वारा होता, मागे कोणी बसले होते, की भरताना गाडी तिरपी उभी होती. एवढ्याने आकडा हलतो. आमच्या खात्यात पूर्वी पिकाची आणेवारी नजरेने ठरत असे. रस्त्यालगतची बांधी पाहावी, मान डोलवावी, दहा आणे लिहावे. पुढे पीक कापणी प्रयोग आले. गटाचा व तुकड्याचा क्रमांक कोष्टकातून काढावयाचा, दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद तुकडा दोरीने आखावयाचा, त्यातले धान कापून, झोडून तोलावयाचे, आणि एका नव्हे तर अनेक तुकड्यांची सरासरी घ्यावयाची. नजरेने दहा आणे दिसलेले पीक तोलल्यावर सहा आणे निघालेले आम्ही पाहिले आहे. गाडीचेही तसेच. टाकी गळ्यापर्यंत भरावी, काटा लिहावा. पुढच्या वेळी त्याच जागी, गाडी तशीच उभी करून, पुन्हा गळ्यापर्यंत भरावी. आणि अशा निदान पाच-सहा भरण्यांवाचून कोणत्याही पंपाविषयी तोंड उघडू नये.

ट्रॅक्टरवाल्या बंधूंचे म्हणणे आता घेतो. पेट्रोलची सबब त्यांस लागू नाही, कारण वीस टक्के एथेनॉलचे हे मिश्रण पेट्रोलात आहे, डिझेलात नाही. डिझेलच्या घनतेस मानकात खालची व वरची मर्यादा आहे, व दोन्ही टोकांमधील अंतरच शेकडा तीन-चारचे आहे. म्हणजे सर्वांत हलका व सर्वांत जड असे दोन टँकर लागोपाठ आले तरी तासाला पाच लिटर पिणारे यंत्र फार तर पाव लिटराने इकडेतिकडे होईल. 'तासाला लिटरभर अधिक' हे तेलाच्या गुणाने होणे नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टरांची सरकारी परीक्षा होते. तेथे तेल लिटराने मोजून थांबत नाहीत, किती शक्तीस किती ग्रॅम तेल लागले ते काढतात, व तो आकडा प्रत्येक नमुन्याच्या अहवालात देतात. आपण घेतलेल्या यंत्राचा तो आकडा किती ट्रॅक्टरधारकांनी पाहिला आहे?

तो लिटर कोठे जातो ते आम्ही बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून पाहिले. रोपे उपटणाऱ्या बाया पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीत फेकीपर्यंत इंजिन नुसते चालू होते. तासाला सुमारे लिटरभर तेल याच रीतीने उडते. चिखलात चाके जागच्या जागी फिरत होती, कारण लोखंडी चाके चढविण्याचा कंटाळा केला होता. रोटाव्हेटरची पाती झिजून निम्मी झाली होती. डिझेलची गाळणी मागील हंगामात बदलली नव्हती, आणि नळीच्या जोडाशी थेंब गळत होता. सेकंदास एक थेंब, व तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी चोवीस तासांत पावणेतीन लिटरांहून अधिक तेल जमिनीत जाते. आणि गळणारा जोड रात्रीही झोपत नाही. हे सर्व आम्ही त्या बंधूंस एकांतात सांगितले. त्यांनी गाळणी बदलली व जोड आवळला. दर मात्र उतरविला नाही; पुढील हंगामी पाहू, असे म्हणाले. हप्ते चालू असलेल्या माणसास याहून अधिक आम्ही काय बोलणार?

पावसाळ्याविषयी एक इशारा राहिला. एथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेले म्हणजे ते एथेनॉलसह तळाशी बसते व वर कमी प्रतीचे पेट्रोल राहते. म्हणून फवारणी यंत्राकरिता किंवा गवत कापण्याच्या यंत्राकरिता पेट्रोल उघड्या तोंडाच्या कॅनमध्ये भरून गोठ्यात महिनोन् महिने ठेवू नये. लागेल तेवढेच आणावे व हंगाम संपताच यंत्राची टाकी रिकामी करावी. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या व वॉशर या मिश्रणाने लवकर फुगतात, त्या पाहून बदलाव्या. मोटारसायकलच्या टाकीच्या झाकणाचे रबर तुटले असेल तर झडीच्या दिवसांत तेथूनच पाणी आत शिरते, व मालक पंपवाल्याचा उद्धार करीत गाडी ढकलीत येतो.

सोसायटीच्या पंचांपुढे आम्ही एक सूचना ठेविली आहे. सोसायटीने एक घनतामापक, एक तापमापक व शिक्क्याचे पाच लिटरांचे माप घ्यावे, आणि सभासदाने मागितल्यास कोणीतरी जाणत्याने त्याच्याबरोबर पंपावर जावे. पंपवाल्यांनी यास हरकत घेतलेली नाही. एकाने तर चहा पाजण्याचे कबूल केले आहे. दुसरी सूचना अशी की, तेल कंपन्यांच्या जिल्ह्यातील विक्री अधिकाऱ्यांस सोसायटीच्या ठरावाने लिहावे की, मिश्रणाचा आकडा नळीवर मराठीत लावावा. ठरावाचा मसुदा आम्ही लिहून दिला आहे. तो यावेळी कडक केलेला नाही.

आमची २०१२ पासूनची वही गोदामातील कारकुनाजवळ ठेविली आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी खुशाल पाहावी. ज्यांस आमच्या निवाड्याविरुद्ध अपील करावयाचे असेल त्यांनी सहा भरण्यांचे आकडे, तारखा व काट्यासह, उन्हाळी धानाची चिखलणी सुरू होण्यापूर्वी त्याच कारकुनाकडे द्यावे.